प्रश्नपेटी : फुंकायच्या वेळी तोंडाला कोरड

ट्रम्पेट, बिगूल, ट्रॉम्बोन, युफोनियम, आपली तुतारी ही सगळी ओठांवर बोलणारी वाद्यं. सनईला पत्ती असते, क्लॅरिनेटला रीड असते. इथे पत्तीचं काम ओठच करतात. म्हणून तोंड कोरडं पडलं की गवयापेक्षा या वादकाची पंचाईत मोठी होते. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं याच तक्रारीची आहेत. त्यातली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, ट्रम्पेटची पाचवी ग्रेड देते आहे. घरी सगळं स्वच्छ वाजवते. परीक्षेच्या खोलीत शिरली की जीभ टाळूला चिकटते, ओठ माउथपीसला चिकटतात, पहिल्या चार ओळी वाया जातात. बाहेर बसून अर्धी बाटली पाणी पिते तरी हेच. पाणी पिऊनही कोरड कशी पडते? (पुणे)

उत्तर : कारण तहान वेगळी आणि ही कोरड वेगळी. तहान लागते ती अंगातलं पाणी कमी झालं म्हणून. परीक्षेच्या दारात पडते ती कोरड लाळग्रंथींनी काम थांबवल्यामुळे. पोटात पाणी भरपूर असलं तरी ग्रंथी सोडत नसतील तर तोंडात काही येणार नाही.

लाळ येते मुख्यतः तीन जोड्यांमधून : कानांपुढे गालात एक, जबड्याखाली एक आणि जिभेखाली एक. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तोंडात मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ येते, आणि त्यातली बरीचशी जबड्याखालच्या ग्रंथींची असते. भीती वाटली की शरीर धावपळीच्या तयारीला लागतं. पातळ, पाण्यासारखी लाळ सोडणाऱ्या नसांचा जोर ओसरतो आणि जी थोडी लाळ येते ती घट्ट, चिकट असते. त्यात मुलगी घाबरून तोंडानं श्वास घेऊ लागते, खोलीत एसी असतो, आणि उरलासुरला ओलावाही उडून जातो.

आता पाण्याचं. तोंडाच्या आतल्या त्वचेवर लाळेचा अगदी पातळ थर असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. तो बुळबुळीत असतो म्हणून जीभ सरकते, ओठ माउथपीसच्या कडेवर हलतात. गटागटा पाणी प्यायलं की हाच थर धुऊन जातो. मिनिटभर बरं वाटतं आणि मग पहिल्यापेक्षा जास्त खडखडीत होतं. शिवाय पोट तट्ट भरलं की छाती-पोटामधल्या पडद्याला खाली उतरायला जागा राहत नाही, श्वास उथळ होतो. म्हणजे अर्धी बाटली पाण्यानं दोन्हीकडून नुकसान केलं.

उपाय ग्रंथींना कामाला लावण्याचा आहे, आणि त्याचा हुकमी मार्ग चघळणं हा आहे. चघळलं की गालांतल्या ग्रंथी जाग्या होतात आणि लाळ मिनिटाला दीड-दोन मिलिलिटरपर्यंत जाऊ शकते. भीती काही लगेच जात नाही, पण जबड्याच्या हालचालीचा हा आदेश भीती असतानाही पोचतो. चिंचेचा नुसता विचार केला तरी तोंडाला पाणी सुटतं असं आपण म्हणतो, घरी सुटतंही. घाबरलेल्या तोंडाला विचारानं फारसं सुटत नाही, त्यावर विसंबू नये.

परीक्षा अकराला आहे असं धरू. नऊ ते साडेनऊ या वेळात घोट घोट करत ४०० मिलिलिटर पाणी. म्हणजे लघवीला जायचं ते अकराच्या आत होऊन जाईल. चहा घ्यायचा असेल तर एकच कप आणि दहाच्या आत. चहातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, तोंड आवळल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. दुधाच्या चहात हे कमी, कोऱ्या चहात चांगलंच जाणवतं. सव्वादहाला दहा-पंधरा मिनिटं हलकं वाजवून ओठ गरम करावेत. अर्धा तास वाजवू नये, ओठही थकतात आणि तोंडही सुकतं. दहा चाळीसला साखर नसलेलं च्युइंगम, अर्धं पुरतं, आठ-दहा मिनिटं सावकाश चघळायचं. दहा पन्नासला ते कागदात थुंकून टाकायचं, दोन घोट पाणी तोंडात खळखळवून गिळायचं. हे खळखळवणं विसरू नका, नाहीतर च्युइंगमचा गोडवा जिभेवर राहतो आणि जीभ जड वाटते. मग पाच मिनिटं तोंड मिटून नाकानं श्वास : चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडतानाही नाकानंच. तोंडानं फुंकर मारत श्वास सोडायला सांगणारे बरेच असतात, ते धावपटूंना ठीक आहे. आपल्याला तोंडातली ओल राखायची आहे.

खोलीत गेल्यावर स्टँडची उंची ठीक करताना तोंड मिटलेलं ठेवून जिभेचं टोक हिरड्यांच्या बाहेरून, ओठांच्या आतल्या बाजूनं, एकदा उजवीकडून डावीकडे आणि एकदा उलट फिरवायचं. ओठांची आतली कड ओली होते, आणि वाजवायला लागते ती हीच कड. दोन तुकड्यांच्या मध्ये एक चमचाभर पाणी पुरे. बाटली आत न्यायची परवानगी आधी विचारून ठेवा.

वाजवताना श्वास तोंडाच्या कोपऱ्यांतूनच घ्यावा लागतो, नाकानं तेवढी हवा तेवढ्या वेळात येत नाही. पण स्वरलिपीत दोन मापांपेक्षा (बारपेक्षा) मोठी विश्रांती आली की ओठ मिटायचे आणि नाकानं घ्यायचा. हे रोजच्या सरावातच बसवावं लागतं, कारण बरीच मुलं विश्रांतीच्या मापांत तोंड उघडं ठेवून मोजत असतात.

आणखी एक सराव परीक्षेआधी तीन आठवडे सुरू करा. दोन मजले भरभर चढून यायचं, लगेच ट्रम्पेट उचलायचा आणि तुकड्याची पहिली ओळ वाजवायची. छाती धडधडत असते, हात कापतात, परीक्षेच्या खोलीत होतं तेच सगळं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मिनिटभर तोंडानं श्वास घेऊन तोंड सुकवायचं आणि तीच ओळ वाजवायची. यात तिच्या एक गोष्ट लक्षात येईल : कोरड्या तोंडानं सूर फुटत नाही असं वाटलं की हात आपोआप माउथपीस ओठांवर दाबतो. दाबलं की ओठांतलं रक्त अडतं, कंपन आणखी मरतं, आणि वरचे सूर निघेनासे होतात. चार ओळी वाया जातात त्यातली एखादीच कोरडीनं जात असेल, उरलेल्या या दाबानं जातात. उपाय उलटा आहे : हवा जास्त, दाब कमी. पहिली ओळ थोडी मोठ्यानं वाजवायची असं ठरवूनच आत जावं. हळू आवाजाला सर्वांत जास्त ओल लागते.

प्रश्न : मी पोलीस बँडमध्ये बिगूल वाजवतो. २१ ऑक्टोबरच्या स्मृतिदिनाच्या संचलनात ‘लास्ट पोस्ट’, म्हणजे शहिदांच्या मानवंदनेची बिगुलाची हाक, माझ्याकडे असते. तोवर अर्धा-पाऊण तास उन्हात उभं राहावं लागतं. पाणी पिता येत नाही, तोंड हलवता येत नाही. आणि मग एकदम फुंकायचं. पहिला सूर फाटला तर मैदानभर ऐकू जातो. काय करावं? (नागपूर)

उत्तर : ओठांच्या वाद्यांमधली ही सर्वांत अवघड जागा म्हणायला हरकत नाही. ट्रम्पेटवाल्याच्या हाताखाली सूर बदलायला तीन पिस्टन, म्हणजे दाबायच्या कळा, असतात. बिगुलाला तेही नाही. नळीतून नैसर्गिकपणे निघणारे सूर ओठांनीच वेगळे काढायचे, आणि बिगुलाच्या बहुतेक हाका पाचच सुरांत बसलेल्या असतात. शेजारच्या दोन सुरांमध्ये ओठांच्या ताणाचा फरक थोडा असतो. कोरडा ओठ कडेला चिकटला की तो नको त्या सुरावर जाऊन बसतो. मैदानाला ऐकू येतो तो फाटलेला सूर म्हणजे हेच.

तुमच्या हातात तीन टप्पे आहेत : रांगेत जाण्याआधी, उभं असताना, आणि शेवटचं अर्धं मिनिट.

रांगेत जाण्याआधी दीड तास ३०० मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ आणि लिंबू घालून चालेल. त्यावर साध्या पाण्याची चूळ भरा. त्यानंतर फक्त घोटभर. च्युइंगम रांगेत जाईपर्यंत चघळा आणि थुंकून टाका. गालात गोळी किंवा च्युइंगम ठेवून उभं राहायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. बिगुलासाठी खोल, जोरकस श्वास आत ओढला जातो. त्या श्वासाबरोबर गोळी श्वासनळीत जाऊ शकते.

उभं असताना ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, श्वास नाकानं. जीभ टाळूला लावून ठेवू नका, तिथे ती सुकते आणि चिकटते. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे, खाली तळाशी टेकवा. जबड्याखालच्या ग्रंथींची तोंडं तिथेच जिभेखाली उघडतात. टोकानं हलकेच दाबलं, सोडलं, दाबलं की थोडी लाळ सुटते. दर दोन-तीन मिनिटांनी एकदा जिभेची कड दाढांमध्ये अगदी हलकी चावा आणि मग जमलेली लाळ न गिळता पुढच्या ओठांच्या आत आणून ठेवा. बाहेरून काहीही दिसत नाही. सारखं गिळणं टाळा. घाबरलेला माणूस दर काही सेकंदांनी गिळतो आणि जमलेलं सगळं पोटात घालवतो.

उन्हाचा वेगळा त्रास असतो. ऑक्टोबरच्या उन्हात पितळ चांगलंच तापतं, आणि तापलेली कड ओठाला लागली की तिथली ओल उडते, ओठ दचकतो. शिस्तीत बसत असेल तर माउथपीस मुठीत येईल असा बिगूल धरा. बिगूल उचलण्याआधीच्या वीस सेकंदांत जीभ ओठांच्या आतून एकदा फिरवा, बाहेरचा ओठ मात्र चाटू नका. हुकूम झाल्यावर पहिला श्वास नाकानं घ्या, तेवढा वेळ तुमच्याकडे असतो. त्यानंतरचे श्वास तोंडाच्या कोपऱ्यांतून. पहिल्याच सुराला तोंडानं मोठा श्वास घेतला तर अर्धा-पाऊण तास राखलेली ओल एका ओढीत जाते.

हे सगळं त्याच दिवशी आठवणार नाही. त्यामुळे ऑगस्टपासून आठवड्यातून एकदा वीस मिनिटं सावधान उभे राहा, ओठ गरम न करता, आणि सरळ पूर्ण हाक वाजवा. पहिले दोन-तीन प्रयत्न वाईट जातील. सरावाच्या खोलीत ओठ आधी छान गरम करून हाक दहा वेळा बरोबर वाजवणं हा या कामाचा सराव नाही.

प्रश्न : आमचं लग्नाचं बँडपथक आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना वरात तीन-चार तास चालते. आमच्यातले दोन ट्रम्पेटवाले सुपारी नाहीतर गुटखा तोंडात ठेवतात, त्यानं तोंड ओलं राहतं म्हणतात. खरं आहे का? दुसरं काय चालेल? (जालना)

उत्तर : ओलं राहतं हे खरं आहे, काहीही चघळलं तरी राहील. सुपारी मात्र ज्या तोंडानं पोट भरायचं तेच तोंड बंद करते. सुपारीमुळे गालाच्या आतला थर हळूहळू कडक, पांढरट, दोरीसारखा होतो. तोंड उघडणं कमी होत जातं, तिखट लागलं की आग होते. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो, आणि कडक झालेला गाल पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. खालचे सूर वाजवताना जबडा खाली सोडावा लागतो आणि गाल लवचीक लागतात, म्हणून वाजवण्यातही हा फटका सर्वांत आधी कळतो. एक साधी तपासणी आजच करा : आपली तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील तर दंतवैद्याला दाखवायला उशीर करू नका. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तो मिळतो ही गोष्ट वेगळी.

दुसरं काय चालेल याचं उत्तर घरातल्या डब्यातच आहे. वाळवलेली आवळाकाठी, साखरेची नव्हे, मीठ लावलेली, सर्वांत चांगली. छोटा तुकडा पुरतो, आणि त्यावर पाणी प्यायलं की गोडसर लागतं, त्यामुळे पाणीही प्यायलं जातं. बिनसाखरेची बडीशेप चालते, पण तिचे कण दातांत अडकतात आणि फुंकेबरोबर माउथपीसमध्ये जातात, म्हणून चूळ भरल्याशिवाय वाद्य तोंडाला लावू नका. वेलची चालते. लवंग नको : तिच्यातल्या तेलानं ओठ आणि जिभेचं टोक बधिर होतं, आणि बधिर ओठाला आपण किती दाबतो आहोत ते कळत नाही. खडीसाखर, लेमनच्या गोळ्या नकोत. साखर नळीत जाते, पिस्टन चिकटायला लागतात आणि मग भर वरातीत मधला पिस्टन दाबला तर वर येत नाही. तेल संपलं म्हणून पिस्टनला तेल घालत बसतात, खरं तर आत पाक झालेला असतो.

एक लक्षात ठेवा, हे सगळं वाजवण्याच्या मधल्या वेळात चघळायचं. वाजवताना तोंडात काहीही नको.

तुमच्याकडे मात्र नुसती भीतीची कोरड नाही, खरी तहानही आहे, त्यामुळे पुण्याच्या पत्राला दिलेला पाण्याचा हिशेब इथे लागू नाही. चार तासांच्या वरातीत दर १५-२० मिनिटांनी १५० ते २०० मिलिलिटर पाणी प्रत्येकानं प्यायलाच हवं. नुसतं पाणीच पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही, पायात गोळे येतात. म्हणून मध्ये एक-दोनदा ओआरएस घ्या; पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला, कमी पाण्यात दाट करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. त्यानंतर साध्या पाण्याची चूळ. मंडपात उसाचा रस, सरबत, थंड सोडा सगळं पुढे येतं. रस-सरबत प्यावं, चूळ भरावी, मग वाजवावं. सोडा वरात संपल्यावर. त्यानं ढेकर येते, आणि लांब सुराच्या मध्ये आलेली ढेकर लपत नाही.

याहून मोठी गोष्ट बँडमास्तरांच्या हातात आहे. दोन ट्रम्पेट असतील तर दोघांनी चारही तास एकच चाल एकत्र वाजवण्यात अर्थ नाही. एक कडवं एकानं, दुसरं दुसऱ्यानं, धून परत आली की दोघांनी. ताशा-ड्रमचा तुकडा सुरू असताना फुंकणाऱ्यांनी रांगेच्या कडेला, धुरळ्यापासून दूर उभं राहावं, तोंड मिटून. ट्रकच्या मागे, जनरेटरच्या धुरात उभं राहून कोरड पडली तर आवळा काय करणार?

लग्नसराईत वाद्याच्या पहिल्या नळीतून, जिथे माउथपीस बसतं तिथून, आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि लवचीक ब्रश फिरवा. आंबट-गोड लाळ आत साचून राहिली की पितळातलं जस्त निघून जातं आणि तांबूस ठिपके दिसायला लागतात. त्या ठिपक्यांतून पुढे नळीला भोक पडतं. डाग पडलेत, पॉलिश करू, असं म्हणून ते घासू नका. ते आतून बाहेर आलेलं असतं.

प्रश्न : माझा मुलगा इथल्या पॅरिशच्या (चर्चच्या) शाळेत ट्रम्पेट शिकतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या फेस्तांमध्ये, म्हणजे चर्चच्या सणांमध्ये, ओठ फुटतात. वाजवण्याआधी लिप बाम लावला की सूर घसरतो, नाही लावला की ओठ चिकटतो. त्याचे मेस्त्री (संगीताचे मास्तर) म्हणतात ओठ कोरडाच हवा. खरं काय? (मडगाव)

उत्तर : मेस्त्रींचं चूक नाही, पण त्यांचा ओठ आणि मुलाचा ओठ एकच असेल असं नाही. काही वादक ओठांची बाहेरची बाजू ओली ठेवून वाजवतात, माउथपीस ओठावर सरकतं आणि सूर बदलताना जागा सापडते. काही जण ती पुसून कोरडी करतात, त्यांची कड एका जागी घट्ट बसते. दोन्हीकडे उत्तम वादक आहेत. ओठांची आतली बाजू मात्र दोघांनाही ओलीच लागते. मुलाला दोन आठवडे ओल्या ओठानं आणि दोन आठवडे पुसलेल्या ओठानं वाजवू द्या. एकात त्याला वरचे सूर सोपे जातील, ते घ्या. दिवसाआड बदलत राहिलं तर काहीच बसणार नाही.

फुटण्याचं वेगळं. ३ डिसेंबरच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या, सुमाराला हवा कोरडी होऊ लागते आणि मुलं ओठ चाटतात. चाटलेली लाळ उडून जाते आणि ओठ आणखी सुकतो. चाटायची सवय मोडा. बाम किंवा पेट्रोलियम जेली रात्री झोपताना लावा. घरचं तूप लावलं तरी चालतं. सकाळी वाजवायच्या निदान तासभर आधी ओठ कोमट पाण्यानं भिजवलेल्या मऊ कापडानं पुसून घ्या, त्यानंतर काही लावू नका. मेंथॉल, कापूर, दालचिनी घातलेले बाम नकोत, ते ओठाला चुरचुरवतात. तोंड आल्यावर लावतात ते बोरो-ग्लिसरीनही वाजवायच्या दिवशी नको, गोड आणि बुळबुळीत दोन्ही असतं.

माउथपीसवरची चांदी किंवा निकेल झिजून पितळ दिसत असेल तर ओठावर पुरळ, लाली त्यानंही येते. तसं असेल तर बाम बदलण्यापेक्षा माउथपीस बदला किंवा त्यावर पुन्हा मुलामा चढवून घ्या. तुतारीवाल्यांनाही हेच सांगणं आहे, कारण तिचं तोंड बऱ्याचदा नुसतं धातूचंच असतं.

प्रश्न : सर्दी झाली म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी सर्दीची गोळी घेतली आणि तोंड वाळवंट झालं. याला काय पर्याय? आणि भीती जावी म्हणून वादक हृदयाची एक गोळी घेतात असं ऐकलं, ती घ्यावी का? (ठाणे)

उत्तर : सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन असलेल्या, नाकाबरोबर लाळही आटवतात. सेट्रिझिनसारख्या नव्या गोळ्यांनी ते कमी होतं, पण काहींना होतंच. नाक मोकळं करणाऱ्या फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्यांनीही तोंड सुकतं आणि वर छाती धडधडते. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री डॉक्टरांना विचारून गोळीऐवजी मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि वाफ यांवर भागतं का ते पाहा. वाफ कार्यक्रमाच्या दोन तास आधी थांबवा. झोपेच्या, नैराश्याच्या, रक्तदाबाच्या काही औषधांनीही कोरड पडते. ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना वेळ किंवा औषध बदलता येईल का ते विचारा. अल्कोहोल असलेलं माउथवॉशही तोंड सुकवतं, त्या दिवशी साध्या पाण्याची चूळ पुरे.

दुसरी गोळी प्रोप्रॅनोलॉल. ती हात कापणं आणि धडधड कमी करते. कोरडीचं ते औषध नाही. दमा असलेल्या माणसाला ती जिवावर बेतू शकते, आणि नाडी आधीच मंद असेल तरी धोका असतो. मित्राच्या पाकिटातली तर कधीच नाही. आणि डॉक्टरांनी दिली तरी पहिल्यांदा कार्यक्रमाच्या दिवशी घेऊ नये.

प्रश्न : मी बासष्ट वर्षांचा आहे, निवृत्त, युफोनियम वाजवतो. मला भीती वगैरे काही वाटत नाही, तरी सहा-सात महिने तोंड सतत कोरडं असतं, रात्रीही उठून पाणी पितो. वाद्यातून पाणी मात्र पूर्वीइतकंच निघतं, मग लाळ कमी कशी? (बेळगाव)

उत्तर : वाद्यातून निघतं ती लाळ नसते. श्वासातली वाफ थंड नळीत गेली की तिचं पाणी होतं, सकाळी काचेवर धरतं तसं. त्यात लाळ थोडीच असते. त्यामुळे ते पूर्वीइतकं निघालं तरी लाळेबद्दल काही सांगत नाही.

तुमची कोरड मंचाची नाही, आणि तिला च्युइंगमवर भागवू नये. घरी मोजून पाहा. सकाळी उठल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी आणि दात घासण्याआधी, स्वस्थ बसून पाच मिनिटं तोंडात येईल ती लाळ न चघळता एका छोट्या कपात सोडा. सुईशिवायच्या सिरिंजनं मोजा. पाच मिनिटांत अर्धा मिलिलिटरही भरली नाही, तर ग्रंथी खरोखर कमी काम करत आहेत. कोरडा खारी-टोस्ट पाण्याशिवाय गिळता येतो का हेही बघा. त्याची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. रक्तातली साखर तपासायला सांगतीलच, कारण रात्री उठून पाणी पिणं हे मधुमेहाचंही लक्षण आहे. डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं होत असेल तर ते आवर्जून सांगा. डोळे आणि तोंड एकदम सुकवणारा एक आजार आहे, आणि तो चाळिशी-पन्नाशीनंतर होतो, बायकांना जास्त. मान-जबड्याला कधी रेडिएशन दिलं असेल तर तेही सांगा.

तपासण्या होईपर्यंत वाजवणं थांबवायची गरज नाही. औषधाच्या दुकानात कृत्रिम लाळेचा फवारा मिळतो. वाजवण्याआधी दहा मिनिटं जिभेवर आणि गालांच्या आत एक-दोन फवारे, आणि ओठांवर काही नको. जेल मिळतं तेही चालतं, पण हरभऱ्याएवढंच; जास्त घेतलं तर जीभ सरकते आणि प्रत्येक सुराची सुरुवात ‘तू’ ऐवजी ‘थू’ अशी येते. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरली तर तोंडाला आराम पडतो. लाळ कमी असली की दात फार लवकर किडतात, मुळापाशी. समोरचे दात गेले तर माउथपीस टेकवायचं कुठे, म्हणून दंतवैद्याची भेट दर सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी ठेवा. कवळी असेल तर ती सैल झाली आहे का हे त्यांच्याकडून पाहून घ्या. लाळ कमी झाली की वरची कवळी टाळूला धरत नाही आणि मोठ्या सुराला सुटते.